आरएक्स चालू करायचीय? आधी किकवरचा पाय खाली घ्या

हल्ली मोबाईल उघडला की एक तरी रील दिसतंच. कोणीतरी वीस वर्षं गोठ्यात पडलेली गाडी बाहेर ओढतो, टाकीत बाटलीभर पेट्रोल ओततो, प्लग शर्टाला पुसतो आणि दणादण किका हाणायला लागतो, मग एकदाचा निळा धूर निघतो, मागे म्युझिक, खाली बदामच बदाम. मला ते बघवत नाही. इतकी वर्षं ते इंजिन पडून होतं तेव्हा त्याला फारसं काही झालेलं नसतं, जे काय वाट लागायची ती त्या पहिल्या पाच मिनिटांत लागते, आणि रील तिथेच संपतं त्यामुळे पुढच्या आठवड्यात पिस्टन धरला हे कोणाला कळतच नाही.

तर ही पोस्ट त्या पाच मिनिटांच्या आधीच्या कामाबद्दल आहे.

गाडी म्हणजे आमच्या काकांची यामाहा आरएक्स १००. आता कोणीतरी म्हणणारच की ही कसली डर्ट बाईक, ही तर रस्त्यावरची गाडी. कबूल, पण त्या काळात आपल्याकडे शोरूममध्ये खरीखुरी डर्ट बाईक मिळायची कुठे? ज्याला मातीत उड्या मारायच्या असायच्या तो आरएक्स घ्यायचा, नाहीतर शोगन, नाहीतर येझदी, आणि तिच्या अंगावरचं सगळं उतरवायचा. हेडलाइट गेला, इंडिकेटर गेले, पुढचा मडगार्ड उंच केला, रुंद हँडल, मागे मोठं स्प्रॉकेट, नॉबी टायर, आणि सायलेन्सरच्या जागी वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेला चेंबर. झाली डर्ट बाईक. आरएक्स १९८५ साली आली आणि १९९६ ला बंद झाली, इंजिन ९८ सीसी, बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५०च, ताकद ११ बीएचपी, वजन शंभरेक किलो. आजच्या पोरांना ११ आकडा ऐकून हसू येतं, बसवून एकदा थ्रॉटल पिळायला लावला की येत नाही.

काका ती गोव्यात डिचोलीच्या बाजूच्या सड्यांवर, म्हणजे तांबड्या खडकाळ पठारांवर, पळवायचे. मग लग्न, दुकान, गुडघा, या क्रमाने गाडी मांगरात, म्हणजे शेतावरच्या खोपीत, गेली. वर माडाच्या चुडतांचा थर, बाजूला भाताच्या गोणी, खाली शेणाने सारवलेली जमीन. ओल म्हणजे किती असेल बघा, गोव्याचा पावसाळा चार महिने, त्यात मांगराला भिंत अर्धीच. बाहेर काढली तेव्हा तांबडी माती आणि गंज यात फरक करता येत नव्हता. काका म्हणाले, "चालू होईल रे, एक किक मार." मी नाही मारली.

आधी पिस्टन सुटा आहे का ते बघा

प्लग काढा. प्लगच्या भोवतीची माती आधी फुंकून किंवा ब्रशने साफ करा, नाहीतर प्लग काढताना तीच माती सिलिंडरमध्ये पडणार आणि मग गंमत. भोकातून दोनतीन चमचे टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल आत सोडा आणि एक रात्र तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी किक हाताने, पायाने नाही, हाताने हळू दाबा. फिरली तर उत्तम. अडकली तर जोर लावायचा नाही. रिंग सिलिंडरच्या भिंतीला गंजाने चिकटलेली असते आणि तुम्ही किकवर उभे राहिलात तर एक तर रिंग तुटणार, नाहीतर किकच्या शाफ्टचे दाते जाणार. अशा वेळी पुन्हा तेल, पुन्हा वाट बघणं, मग गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवायचं, अगदी थोडं थोडं. टॉप गिअर का, तर त्यात चाकावरून इंजिनवर सगळ्यात हळुवार जोर पडतो का उलटा, हा वाद आमच्या गराजमध्ये कायम चालतो, पण खरं उत्तर म्हणजे टॉपमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन कमी फिरतं, म्हणून त्याला चाकाकडून फिरवणं सोपं जातं. करून बघा पहिल्या गिअरमध्ये, चाक जागचं हलणार नाही.

तेलाचा अजून एक मुद्दा. आरएक्सला ऑटोल्यूब पंप असतो, टू-टीची टाकी वेगळी. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की कधीकधी त्या टाकीतलं तेल पंपातून झिरपत झिरपत खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या पोटात, जाऊन बसतं. तुम्ही प्लग लावून किक मारली तर ते सगळं तेल वर येतं, प्लग ओला, घरभर धूर, शेजारीण खिडकी आपटून बंद करते. प्लग काढून इंजिन फिरवलं तर ते भोकातून बाहेर उडून जातं. चेहरा बाजूला ठेवा.

इंजिन सुटं झालं की अंगठा प्लगच्या भोकावर दाबून किक मारून बघा, अंगठा उडाला पाहिजे. कॉम्प्रेशन गेज असेल तर छानच, अशा लहान टू-स्ट्रोकला १२० पीएसआयच्या आसपास असेल तर मी खूश होतो, १०० च्या खाली गेला तर सिलिंडर उघडायची मनाची तयारी ठेवतो. उघडलाच तर घाबरायचं काही नाही, ओव्हरसाइज पिस्टन मिळतात, पाव मिलिमीटरच्या टप्प्याने, बोअरिंगवाला चांगला गाठायचा बस. काकांचा सिलिंडर आधीच एकदा बोअर केलेला निघाला, पिस्टनच्या डोक्यावर आकडा ठोकलेला असतो, आरसा आणि टॉर्च धरून वाचता येतो.

टाकी

झाकण उघडल्यावर जो वास येतो त्यावरूनच सगळं कळतं. ताजं पेट्रोल नाकात चढतं, जुनं पेट्रोल जुन्या पॉलिशसारखं, गोडसर, जड वास मारतं. ते सगळं काढून टाका, त्यात नवीन मिसळून "जाईल रे" म्हणू नका.

आतला गंज काढायला लोक टाकीत नट-बोल्ट टाकून हलवतात. चालतं, पण बोल्टचं टोक पातळ पत्र्याला आतून पोचे पाडतं, त्यापेक्षा जुनी सायकलची चेन बरी, आणि ती बाहेर काढता येते, नट एखादा आत राहतोच. मी व्हिनेगर वापरलं, साधं पांढरं. आईने विचारलं माडाचं चालेल का, घरात बाटली होती, पण ते विंदालूला ठेवावं, टाकीला स्वस्तातलं सिंथेटिक पुरतं. भरून एक दिवस ठेवायचं, मध्ये मध्ये उलटी-पालटी करायची, मग ओतून टाकून पाण्याने धुवायची, खाण्याचा सोडा पाण्यात घालून पुन्हा धुवायची म्हणजे आम्ल मरतं, आणि मग लगेच, म्हणजे लगेचच, उन्हात किंवा हेअर ड्रायरने वाळवून आत टू-टी ऑइल फिरवायचं. वाळवून तशीच ठेवलीत तर आपल्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत परत तांबूस पावडर दिसायला लागते, व्हिनेगरने सोललेला पत्रा तर जास्तच पटकन गंजतो.

पेट्रोल कॉक उघडा. आत बारीक जाळीचा फिल्टर असतो तो बहुतेक वेळा जाळी राहिलेलाच नसतो. नवीन कॉक स्वस्त मिळतो, घ्या आणि मोकळे व्हा, तिथे जुनं ते सोनं करायची गरज नाही.

कार्बोरेटर, इथे वेळ घालवा

मिकुनीचा व्हीएम कार्बोरेटर हा जगातला सगळ्यात समजूतदार कार्बोरेटर असेल. चार स्क्रू काढले की बाऊल हातात. आमच्या बाऊलमध्ये तळाला हिरवट-पिवळा डिंक होता आणि त्यात फ्लोट अर्धा रुतलेला. पितळेचे दोन जेट (पेट्रोल मापून सोडणारी बारीक भोकं) असतात, मेन जेट खाली दिसतो, आणि पायलट जेट बाजूला खोल भोकात बसलेला, त्याला बरोब्बर मापाचा स्क्रूड्रायव्हर लागतो, बारीक वापरलात तर डोकं उखडणार आणि मग तो जेट तुमच्या आयुष्यातून बाहेर येत नाही.

पायलट जेट उजेडाकडे धरा. एका टोकाने डोळा लावला की पलीकडे सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला पाहिजे, गोल, कडा स्वच्छ. आमच्यात काहीच दिसत नव्हतं. कार्ब क्लीनर मारला, रात्रभर भिजत ठेवला, सकाळी कडेला चंद्रकोर दिसली, अजून भिजवला, मग मासे पकडायच्या बारीक तंगुसाचा तुकडा घातला तेव्हा कुठे आरपार झाला. तार घालू नका. पितळ मऊ असतं, तारेने भोक रुंद होतं आणि मग जेटवर लिहिलेल्या नंबरला काही अर्थ उरत नाही. आणि कार्बोरेटरची बॉडी व्हिनेगरमध्ये टाकू नका, टाकीचा पत्रा सहन करतो, ही मिश्रधातूची बॉडी काळी पडते आणि खरखरीत होते.

फ्लोट हलवून बघा, आत पेट्रोल खुळखुळलं तर फ्लोट फुटला. नीडल व्हॉल्व्हच्या टोकावर गोल चरा पडला असेल तर तोही बदला, नाहीतर ओव्हरफ्लो. ओव्हरफ्लोच्या नळीवरून आठवलं, आमच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. नुसतं नळीत नाही, चेंबरच्या शेपटीतसुद्धा, आणि एअर फिल्टरच्या तोंडाशी. मांगरात उभी राहिलेली कुठलीही गाडी असू दे, जिथे जिथे पेन्सिल जाईल एवढं भोक आहे तिथे काडी घालून बघा. एअर फिल्टरचा फोम हात लावल्यावर भुगा झाला, तो भुगा इंजिनमध्ये गेला असता. नवा फोम घेऊन रॉकेलने धुवून तेलात पिळून बसवायचा, मातीत चालवणार असाल तर तेल लावलेला फोम हवाच, तांबडी धूळ साध्या फोममधून पिठासारखी जाते.

एअर स्क्रू पूर्ण आत, हलक्या हाताने, मग दीड फेरा बाहेर. सुरुवात इथून, बाकी गाडी चालू झाल्यावर.

हवा

माझ्या मते जुन्या टू-स्ट्रोकचं निम्मं शास्त्र या एका शब्दात आहे आणि रीलवाल्यांना नेमकं हेच माहीत नसतं. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे नुसती तेलाची टाकी. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस पंप आहे, पिस्टन वर गेला की तिथे पोकळी तयार होते आणि कार्बोरेटरमधून हवा-पेट्रोल आत ओढलं जातं. आता तिथे कुठेही फट असेल तर त्या फटीतून नुसती हवा आत येणार, पेट्रोलशिवाय. मिश्रण पातळ झालं की जळताना उष्णता वाढते, पेट्रोलचा जो थंडावा पिस्टनला मिळतो तो कमी होतो, आणि प्रीमिक्स, म्हणजे पेट्रोलमध्येच मिसळलेलं तेल, वापरत असाल तर पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. पिस्टन फुगतो, सिलिंडरला धरतो. मागचं चाक लॉक. सड्यावर असाल तर ढोपरं, रस्त्यावर असाल तर देवच राखो.

आणि उभ्या गाडीत फटी कुठे होतात, तर रबरात. कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधलं इनटेक रबर तडकतं, बाहेरून ठीक दिसतं, वाकवल्यावर आतली चीर उघडते. ओ-रिंग चपटी होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्रँकची दोन ऑइल सील. एक डावीकडे मॅग्नेटोच्या मागे, एक उजवीकडे क्लचच्या बाजूला. रबराचे ओठ वर्षानुवर्षं एकाच जागी, कोरडे, कडक होतात.

दोन्ही सीलची लक्षणं वेगळी, आणि ही ओळखता आली की अर्धा मेस्त (मेकॅनिक) झालात. डावं सील गेलं तर इंजिन बाहेरची हवा ओढतं, आयडलिंग आपोआप वर चढतं, थ्रॉटल सोडला तरी आरपीएम पटकन खाली येत नाही, गाडी भुंकत राहते. उजवं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढतं, पांढरट दाट धूर, जळक्या तेलाचा वास, प्लग काळा चिकट, आणि गिअर ऑइलची पातळी काहीही गळत नसताना कमी होत जाते. लोक म्हणतात टू-टी जास्त पडतंय, पंप कमी करतात, म्हणजे ज्याचा दोष नाही त्याचंच पाणी तोडतात.

आमचा मेस्त साठीचा आहे, आयुष्यभर पायलटांच्या गाड्या दुरुस्त केल्या त्याने, म्हणजे आपल्या पिवळ्या मडगार्डवाल्या मोटरसायकल टॅक्सी, ज्या दिवसभर थांबत नाहीत आणि ज्यांच्या मालकाला रात्री गाडी परत चालू लागते. मी त्याला सांगितलं सगळं नवीन घालूया, पिस्टन, रिंग, कनेक्टिंग रॉड. तो म्हणाला, "पात्रांव, वारें खंयसून ओडटा तें पळय पयलीं." हवा कुठून ओढते ते बघ आधी. मॅग्नेटो पुलर लावून काढला (हातोडी नाही, पुलर, मॅग्नेटोच्या कडेवर हातोडी मारलेल्या गाड्या मी बघितल्यात, क्रँक वाकडा होतो), मागचं सील सूरीच्या टोकाने टोचून बघितलं तर ते प्लास्टिकसारखं टणक. डावं सील बाहेरूनच बदलता येतं हे बरं आहे. ओठाला थोडं ग्रीस लावून, सरळ, जुन्याच्या जागी नवं, वाकडं बसलं तर परत काढायचं. उजवीकडचं काम मोठं, क्लच कव्हर उघडायला लागतं आणि तिथून पुढे, म्हणून ते आम्ही आधी चालवून बघून ठरवायचं ठेवलं. गिअर ऑइल काढलं तेव्हा ते दुधाच्या चहासारखं निघालं, म्हणजे पाणी शिरलेलं, पावसाळ्यात ब्रीदरमधून जातं. बदललं, थोडं फिरवून पुन्हा बदललं.

रीड व्हॉल्व्हसुद्धा याच वेळी बघा, कार्बोरेटर काढलेलाच असतो. पातळ पाकळ्या असतात, उजेडाकडे धरून पाकळी आणि बैठक यात फट दिसते का, टोकाला तुकडा उडालाय का. तुटलेला तुकडा कुठे जातो ते मी सांगायला नको.

पेट्रोलचं काय

हा भाग काकांच्या वेळी नव्हता. आता पंपावर मिळतं ते वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉलवालं. जुन्या गाडीला त्याचे तीन त्रास. एक, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि जास्त ओढलं की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाला वेगळा थर होतो, कॉक नेमका तळातूनच घेतो. दोन, जुन्या रबराच्या नळ्या, ओ-रिंग फुगतात, मऊ पडतात, म्हणून सगळ्या नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घाला. तीन, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे जुन्या जेटिंगवर मिश्रण थोडं पातळ होतं. म्हणजे परत तेच, हवा जास्त. मी मेन जेट एक नंबर मोठा घातला आणि प्लग वाचून मग ठरवायचं ठेवलं. गाडी महिनाभर चालणार नसेल तर कार्बोरेटरचा बाऊल रिकामा करून ठेवायचा, कॉक बंद करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवलं की झालं, आमच्याकडे चवथीच्या आधी आणि पावसाळ्यात हेच करतो.

टू-टीबद्दल. पंप चालू ठेवायचा की काढून टाकून प्रीमिक्स करायचं यावर मारामाऱ्या होतात. डर्टवाले पंप काढतात, एक गोष्ट कमी, एक काळजी कमी. माझं म्हणणं असं, पंप ठेवा, पण पहिल्या टाकीला पंप चालू असला तरी पेट्रोलमध्येही तेल मिसळा, लिटरला पंचवीस-तीस मिली. कारण पंपाच्या नळीत हवा अडकलेली असते, ब्लीड स्क्रू सोडून ती काढावी लागते, आणि काढली असं वाटलं तरी एखादा बुडबुडा राहतोच. धूर जास्त येईल. येऊ दे.

स्पार्क

हे पटकन. नवा प्लग घ्या, त्याच नंबरचा, गॅप ०.६ ते ०.७ मिमी. प्लग कॅपमध्ये लावून इंजिनला टेकवून अंधारात किक मारा, निळा, जाडसर, आवाज करणारा ठिणगा हवा. पिवळा आणि बारीक असेल तर एचटी वायरचं, म्हणजे प्लगला जाणाऱ्या जाड वायरचं, टोक सेंटीमीटरभर कापून कॅप पुन्हा बसवा, वायरचं टोक आतून हिरवं झालेलं असतं. सीडीआयचे (इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या डबीचे) कनेक्टर, अर्थची जागा, घासून साफ. येझदी-राजदूतवाल्यांनी पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ करून गॅप बघायचा, ०.४ च्या आसपास. स्पार्क बघताना प्लगच्या भोकाजवळ पेट्रोलचं फडकं ठेवू नका, सांगायची गरज नाही, तरी सांगतो.

थांबायची सोय आधी, पळायची नंतर

ड्रम उघडा. लायनरवर काच चढल्यासारखी चमक असेल तर पॉलिश पेपरने घासा, लायनर शूपासून सुटायला लागलं असेल तर बदला. आतली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसा, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. केबली सगळ्या बाहेर काढून वरून तेल सोडा, खालून तेल आलं पाहिजे. थ्रॉटल पिळून सोडला की स्लाइड टक् आवाज करत खाली पडली पाहिजे, हँडल डावीकडे, उजवीकडे, दोन्हीकडे वळवून तपासा.

नॉबी टायरच्या खाचा खोल दिसतात म्हणून फसू नका. बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. आमच्या टायरवर तीनच आकडे होते, म्हणजे २००० सालाच्या आधीचा माल. रबर नखाने दाबलं तर दगड. बदलले. स्पोक पान्याने टिचकी मारून ऐकायचे, सैल असेल तो बद्द वाजतो.

आणि क्लच. उभ्या गाडीत क्लचप्लेट एकमेकीला चिकटतात, लिव्हर दाबला तरी गाडी सुटत नाही. लिव्हर सुतळीने हँडलला बांधून रात्रभर ठेवा, सकाळी गिअरमध्ये टाकून ढकला, टक् करून सुटतात. इंजिन चालू करून मग गिअर टाकायचा प्रयोग अंगणात केलात तर तुळशीवृंदावनाला जाऊन भिडाल.

मग किक

किल स्विच चालतो ना ते आधी बघा. हातात एक जाड फडकं ठेवा, कारण हवा ओढणारं टू-स्ट्रोक कधीकधी आपोआप चढत जातं आणि किल स्विच दाबूनही ऐकत नाही, तेव्हा कार्बोरेटरचं तोंड फडक्याने दाबायचं, चोक पूर्ण ओढायचा किंवा वरच्या गिअरमध्ये ब्रेक धरून क्लच सोडायचा. प्लग कॅप हाताने ओढू नका, बसेल झटका.

चोक, थ्रॉटल बंद, किक. आमची लगेच नाही झाली, मग झाली, आणि मांगरातून पांढरा-निळा ढग निघाला तो शेजारच्यांच्या काजूच्या झाडापर्यंत. काका काठी टेकत आले आणि हँडलकडे हात नेत म्हणाले जरा रेझ कर. मी नाही केलं. एकदोन मिनिटं, बंद, पूर्ण थंड, परत थोडं जास्त, परत थंड. चालू असताना इनटेक रबराभोवती आणि मॅग्नेटोच्या बाजूला थोडा कार्ब क्लीनर शिंपडून बघायचा, आवाज बदलला तर तिथे फट आहे (गरम चेंबरवर उडू देऊ नका). आमच्याकडे सिलिंडरच्या पायाशी बदलला, पायाचं गॅस्केट. पुन्हा उघडलं, नवं घातलं. हे सगळं गाडी जागेवर उभी असताना सापडलं, चौथ्या गिअरमध्ये नाही.

थंड झाल्यावर हेडचे नट कर्णरेषेत थोडे थोडे कसून घ्या. पाचसहा किलोमीटर वेगवेगळ्या थ्रॉटलवर चालवून एकदा अर्ध्या थ्रॉटलवरच किल दाबून क्लच धरून थांबा आणि प्लग काढून बघा. कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक, पांढरा असेल तर अजून पातळ आहे, चालवू नका, जेट वाढवा. काळा ओला असेल तर घाई नाही, त्याने इंजिन मरत नाही. आमचा तपकिरी आला पण कडेला जरा फिका, म्हणून सुईची क्लिप एक खाच खाली घेतली, सुई वर आली, आता बरोबर आहे.

कुठे चालवायची हा प्रश्न उरतो. हेडलाइट काढलेली गाडी रस्त्यावर आणू नका, आणि रजिस्ट्रेशन १५ वर्षांनी संपतं, पुढे दर ५ वर्षांनी नवं करावं लागतं, तेव्हा कागद आधी तपासा, आमचे संपलेत, ते काम चालू आहे. बीचवर तर अजिबात नाही, गाडी घालायला बंदी आहे, दंड होतो, आणि मिठाच्या पाण्याने एका दिवसात जे होतं ते मांगराने इतक्या वर्षांत केलं नाही. गाडी टेम्पोत घालून ओळखीच्या माणसाच्या जागेत न्यायची, विचारून.

उजवं सील अजून तपासायचंच आहे. गिअर ऑइलची पातळी पेनाने खूण करून ठेवलीय, दर रविवारी बघतो, अजून तिथेच आहे. फोर्कची सील मात्र गळतात, ती पावसाळ्याआधी. आणि हो, कोणाकडे आरएक्सची ओरिजिनल टू-टी टाकी पडून असेल, झाकणासकट, तर कमेंटमध्ये सांगा, आमच्या टाकीचं झाकण काकांनी कधीतरी गोबर गॅसच्या नळीला लावलं आणि ते आता कोणालाच सापडत नाहीये.